घरगुती संगणकावरील संगीतनिर्मिती

घरगुती संगणकावरील संगीतनिर्मिती म्हणजे व्यावसायिक ध्वनिमुद्रणगृहाचा आधार न घेता, घरातील संगणक, एखाद-दुसरा मायक्रोफोन आणि त्यासाठीचे सॉफ्टवेअर यांच्या साहाय्याने गायन-वादन मुद्रित करणे, त्याचे संपादन व मिश्रण करणे आणि ते ऐकण्याजोग्या स्वरूपात जतन करणे होय. यासाठी मोफत व सशुल्क अशी अनेक सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. त्यांची रचना बहुतांशी पाश्चात्त्य संगीताच्या गृहीतकांवर झालेली असल्याने भारतीय संगीतासाठी निवड करताना वेगळे निकष लावावे लागतात. प्रस्तुत लेखात या निवडीचा विचार वऱ्हाडातील, मुख्यतः अमरावती व अकोला जिल्ह्यांतील भजनसंगीताच्या संदर्भात केला आहे. खंजिरी, पेटी, टाळ आणि समूहाचा आवाज असे या संगीताचे स्वरूप असून ते साध्या यंत्रणेवरही मुद्रित होऊ शकते. मात्र चुकीच्या सॉफ्टवेअरमुळे ते बिघडते किंवा काही वर्षांनी उघडतच नाही.

पार्श्वभूमी

संगणकाद्वारे ध्वनिनिर्मितीचा आरंभ १९५७ मध्ये मानला जातो. त्या वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी ‘म्युझिक’ या आज्ञावलीच्या साहाय्याने संगणकाकडून सूर काढून घेतले. १९८३ मध्ये ‘मिडी’ हे मानक प्रसिद्ध झाले व निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये आणि संगणक एकमेकांशी जोडणे शक्य झाले. जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने १९८९ मध्ये अटारी संगणकासाठी ‘क्यूबेस’ आणले. १९९६ मध्ये त्याच कंपनीच्या ‘व्हीएसटी’ मानकामुळे वाद्ये व ध्वनिसंस्कार हे स्वतंत्र जोडभाग, म्हणजेच प्लगिन, म्हणून वापरता येऊ लागले.

भारतीय संगीताच्या दृष्टीने ‘बोल प्रोसेसर’ या आज्ञावलीचा उल्लेख आवश्यक आहे. बर्नार्ड बेल व जेम्स किप्पेन यांनी १९८० च्या दशकात तबल्याच्या कायद्यांची रचना समजून घेण्यासाठी ती विकसित केली. तबल्याच्या बोलांनाच भाषा मानून तिचे व्याकरण संगणकाला शिकवण्याचा हा प्रयत्न होता. पुढे महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहासाठी गी प्वातव्हँ व हेमा राईरकर यांच्याबरोबर बेल यांनी काम केले. या संग्रहातील ओव्या आता ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचता व ऐकता येतात.

वऱ्हाडात भजनाला लोकप्रबोधनाची जोड आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. १९३५ मध्ये त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. खंजिरीच्या साथीने भजन गाण्याची त्यांची पद्धत श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून गावोगाव पोहोचली. त्याच जिल्ह्यात जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनातून स्वच्छता व शिक्षणाचा आग्रह धरत. त्यांच्या अखेरच्या काळातील एका कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आज ऐकता येते. श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेण्याची त्यांची शैली छापील पुस्तकातून जेवढी कळते, त्याहून कितीतरी अधिक त्या काही मिनिटांतून कळते. अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून प्रबोधन करतात व सप्तखंजेरीवादक म्हणून ओळखले जातात.

कॅसेटच्या काळात अशी भजने घरगुती टेपरेकॉर्डरवर मुद्रित केली जात. कॅसेटची जागा आधी सीडीने आणि नंतर मोबाइल फोनने घेतली. फोनवरील मुद्रण सोपे असले तरी त्यात यंत्र आपल्या मर्जीने आवाज कमी-जास्त करते. खंजिरीचा जोरदार ठोका पडला की गायकाचा आवाज क्षणभर दबतो व पुन्हा वर येतो. हा दोष नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्णपणे काढता येत नाही. संगणकावरील मुद्रणाकडे वळण्याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.

खंजिरी भजनाच्या मुद्रणातील प्रश्न

खंजिरी हे लहान आकाराचे, कातडी मढवलेले व कडेला चकत्या असलेले वाद्य आहे. त्याच्या आवाजाचे दोन भाग पडतात. कातड्यावरील थापेचा आघात अतिशय अल्पकाळ टिकतो, पण त्याची उंची सरासरी पातळीच्या कितीतरी पट असते. चकत्यांचा खणखणाट मात्र वरच्या वारंवारतेत पसरलेला असतो. अंकीय मुद्रणात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते व तिच्यावर गेलेला भाग कापला जातो. त्यामुळे मुद्रणापूर्वी वादकाला सर्वांत जोरदार ठोका वाजवायला सांगून त्याची पातळी उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवावी लागते. भजन रंगात आल्यावर वादक चाचणीच्या वेळेपेक्षा जोरात वाजवतो, हे गृहीत धरलेले बरे. १६ बिट मुद्रणात सर्वांत मंद व सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ९६ डेसिबल, तर २४ बिटमध्ये सुमारे १४४ डेसिबल असते. म्हणून २४ बिट निवडल्यास पातळी खाली ठेवूनही आवाज खरखरीत होत नाही. मायक्रोफोन खंजिरीच्या अगदी समोर न ठेवता हातभर दूर व थोडा तिरका ठेवल्यास चकत्यांचा कर्कशपणा कमी होतो.

दुसरा प्रश्न पट्टीचा आहे. भजनी मंडळात पट्टी ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ अशी सांगितली जाते, तर सॉफ्टवेअर पाश्चात्त्य नावे दाखवते. पेटीवरील पांढरी एक म्हणजे ‘सी’, पांढरी दोन म्हणजे ‘डी’, पांढरी तीन ‘ई’, पांढरी चार ‘एफ’ आणि पांढरी पाच ‘जी’. काळी एक म्हणजे ‘सी शार्प’, काळी दोन ‘डी शार्प’, काळी तीन ‘एफ शार्प’, काळी चार ‘जी शार्प’ व काळी पाच ‘ए शार्प’. हे नाते एकदा लिहून संगणकाशेजारी चिकटवले की बराच गोंधळ टळतो. तथापि जुनी पेटी प्रमाण सुरापासून किंचित उतरलेली वा चढलेली असते. अशा पेटीबरोबर संगणकातील तानपुरा लावल्यास दोन सुरांची टक्कर होऊन आवाज डोलू लागतो. अशा वेळी पेटीला हात न लावता तानपुरा सेंटच्या मापाने सरकवावा. एका अर्धस्वरात १०० सेंट असतात. त्यामुळे सूर सेंटमध्ये बदलण्याची सोय असणे हा निवडीचा एक निकष ठरतो.

तिसरा व सर्वांत नाजूक प्रश्न लयीचा आहे. बहुतेक सॉफ्टवेअर उघडताच चार मात्रांचे माप व मिनिटाला १२० ठोक्यांची गती गृहीत धरतात. केरवा आणि भजनी ठेका आठ मात्रांचे असल्याने या मापात बसतात. दादरा सहा मात्रांचा असल्याने माप बदलावे लागते, आणि रूपकाच्या सात मात्रांसाठी सात ठोक्यांचे माप मुद्दाम निवडावे लागते. एवढे सर्वच प्रमुख सॉफ्टवेअरमध्ये जमते. अडचण वेगळीच आहे. भजनाची लय स्थिर नसते. संथ सुरुवात होते, धृपद दोनदा फिरते, टाळकरी साथ धरतात आणि शेवटी लय दुप्पट होते. हेडफोनमधील एकसुरी टिकटिक लावून मुद्रित केलेले भजन समेवर अचूक येते, पण त्यातील चढत जाणारा आवेश हरवतो. म्हणून टिकटिक बंद ठेवून सर्वांनी एकत्र गावे व सॉफ्टवेअरने केवळ ऐकण्याचे काम करावे, ही पद्धत या संगीताला मानवते. स्वयंचलित ताल-दुरुस्तीची सोय जाहिरातीत कितीही आकर्षक वाटली तरी खंजिरीच्या बाबतीत ती बंदच ठेवावी.

तयार तालवाद्यांच्या संचात ड्रम व अलीकडे तबला-ढोलकही मिळतात. वऱ्हाडी पद्धतीने वाजवलेली खंजिरी मात्र क्वचितच आढळते. त्यावर उपाय सोपा आहे. स्थानिक वादकाकडून थाप, चाटी व केवळ चकत्यांचा आवाज असे निरनिराळे आघात हळू, मध्यम व जोरात वाजवून घ्यावेत. असे २०–२५ तुकडे स्वतंत्र फाइलींत ठेवले की ते कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये वापरता येतात.

विलंब

मायक्रोफोनमध्ये गेलेला आवाज संगणकातून फिरून हेडफोनमध्ये येईपर्यंत जो वेळ जातो त्यास विलंब किंवा लॅटन्सी म्हणतात. संगणक ध्वनीचे नमुने गठ्ठ्यांनी हाताळतो. नमुनादर सेकंदाला ४८,००० असताना २५६ नमुन्यांच्या गठ्ठ्यास सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात. आत येताना व बाहेर जाताना असे दोन गठ्ठे धरले तर १० मिलिसेकंदांहून अधिक वेळ होतो. एवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे साडेतीन मीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा विलंब हा भजनाच्या बैठकीत समोरच्या टोकाला बसलेल्या टाळकऱ्याचा आवाज ऐकण्यासारखाच आहे, व तो खपून जातो. ५० मिलिसेकंदांच्या पुढे मात्र गायक अडखळू लागतो.

विंडोजवर स्टाइनबर्गने आखलेल्या ‘आसिओ’ पद्धतीच्या चालकामुळे विलंब कमी होतो. बाह्य ऑडिओ इंटरफेसबरोबर असा चालक सहसा मिळतो. केवळ संगणकातील अंगभूत साउंड कार्ड असल्यास ‘आसिओफॉरऑल’ हा मोफत पर्याय वापरला जातो. तरीही सर्वजण एकाच वेळी गात असतील व कोणी हेडफोन लावलेला नसेल, तर विलंबाचा प्रश्नच उद्भवत नाही. तो उद्भवतो आधी पेटी आणि नंतर आवाज असे थरांनी मुद्रण करताना. दुसरा थर पहिल्याच्या मागे पडत असेल तर एक सोपी चाचणी करता येते. हेडफोन मायक्रोफोनपाशी धरून मुद्रित टाळी वाजवावी व ती पुन्हा मुद्रित करावी. दोन टाळ्यांतील अंतर मोजून तेवढी भरपाई सॉफ्टवेअरच्या मांडणीत लिहावी.

प्रचलित सॉफ्टवेअर

ऑडॅसिटी हे नवशिक्यांसाठी सर्वाधिक सुचवले जाणारे मोफत व मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ मध्ये त्याचे काम सुरू केले आणि मे २००० मध्ये ते प्रसिद्ध झाले. विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर ते चालते. मुद्रण, काटछाट, पातळी सारखी करणे, गुणगुण कमी करणे ही कामे त्यात थोड्या सरावाने जमतात. २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून संपूर्ण प्रकल्प एकाच फाइलमध्ये साठवला जातो. त्यापूर्वी शेकडो छोट्या तुकड्यांचे स्वतंत्र फोल्डर तयार होई आणि पेन ड्राइव्हवर नेताना ते मागे राहून जाई. २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून मूळ मुद्रणाला धक्का न लावता ऐकताऐकता ध्वनिसंस्कार लावता येतात. २०२१ मध्येच ऑडॅसिटीची मालकी म्युझ ग्रुपकडे गेली. वापराची माहिती गोळा करण्याच्या प्रस्तावावरून तेव्हा वाद झाला व तो प्रस्ताव मागे घेण्यात आला. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये असा बदल वापरकर्त्यांच्या नजरेतून सुटत नाही, हे त्या निमित्ताने दिसले. ऑडॅसिटीत आसिओची सोय परवान्याच्या अडचणीमुळे बराच काळ नव्हती. एकत्र बसून गायलेल्या भजनाला आणि जुन्या कॅसेटच्या अंकीकरणाला मात्र हे सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

रीपर हे कॉकोस कंपनीचे सशुल्क सॉफ्टवेअर ‘विनॅम्प’चे कर्ते जस्टिन फ्रँकेल यांनी विकसित केले असून त्याची १.० आवृत्ती २००६ मध्ये आली. ६० दिवस ते पूर्ण क्षमतेने तपासता येते. व्यक्तिगत वापरासाठीचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे. स्थापनेसाठीची फाइल आकाराने लहान आहे आणि जुन्या, मंद संगणकावरही ते चालते. त्याची प्रकल्प-फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात असते व मुद्रणे शेजारीच वेव्ह फाइलींत राहतात. प्रकल्प बिघडला तरी आवाज सुरक्षित राहतो. पडद्यावरील पर्यायांची गर्दी पहिल्या आठवड्यात गोंधळात टाकणारी आहे. चार-पाच मायक्रोफोन स्वतंत्र ट्रॅकवर घेणाऱ्या मंडळाला मात्र तो त्रास सोसण्याजोगा वाटेल.

आर्डर हे पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेले मुक्त स्रोत सॉफ्टवेअर लिनक्सच्या वितरणांतून सहज मिळते. विंडोज १० चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यामुळे जुन्या संगणकावर लिनक्स बसवणाऱ्यांना ते उपयोगी पडते. मॅक संगणकावर २००४ पासून उपलब्ध असलेले गॅरेजबँड हे साधेपणाचे उत्तम उदाहरण आहे, परंतु ते ॲपलच्या यंत्रांबाहेर चालत नाही.

एलएमएमएस हे मोफत सॉफ्टवेअर नावावरून ध्वनिमुद्रणगृहासारखे वाटते. त्याच्या १.२ या स्थिर आवृत्तीत मायक्रोफोनचा आवाज मुद्रित करण्याची सोय नाही. ताल व कृत्रिम वाद्ये यांची गुंफण करणे एवढेच त्याचे क्षेत्र आहे. भजन मुद्रित करण्यासाठी ते उतरवून घेणाऱ्याची हमखास निराशा होते. एफएल स्टुडिओ हे बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये ‘फ्रूटीलूप्स’ या नावाने आले. मिरवणुकीतील डीजे-संगीत व ठेक्यांची पुनर्रचना यांसाठी ते लोकप्रिय आहे. एकदा विकत घेतल्यावर पुढील आवृत्त्या विनामूल्य मिळतात. चाचणी आवृत्तीत साठवलेला प्रकल्प मात्र परवाना घेतल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही. म्युझस्कोर हे स्वरलेखनासाठीचे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते पाश्चात्त्य पाच रेषांच्या पद्धतीवर आधारलेले असल्याने भातखंडे लिपीतील लेखनासाठी ते थेट उपयोगी पडत नाही.

सशुल्क सॉफ्टवेअरच्या कुलूप तोडलेल्या प्रती सर्रास हाती येतात. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी अशा प्रतींबरोबर घातक आज्ञावली येण्याचा धोका असतो, त्या अद्ययावत करता येत नाहीत आणि ऐन मुद्रणात त्या बंद पडल्या तर दाद मागायला जागा नसते. मोफत व मुक्त पर्याय उपलब्ध असताना हा धोका पत्करण्याचे कारण उरत नाही.

विश्वसनीयता

सॉफ्टवेअरच्या विश्वसनीयतेचे दोन अर्थ संभवतात. पहिला म्हणजे मुद्रण सुरू असताना ते कोसळू नये. दुसरा म्हणजे आजचे काम दहा-वीस वर्षांनी उघडता यावे. जाहिरातींत पहिल्याचीच चर्चा असते. गावातील जुन्या गायकाचे शेवटचे मुद्रण ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठी दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा ठरतो.

या बाबतीत केकवॉकचा इतिहास बोलका आहे. १९८७ पासून चालत आलेल्या या सॉफ्टवेअरचा विकास त्याच्या तत्कालीन मालक गिब्सन कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये थांबवला. पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरचे वापरकर्ते अचानक वाऱ्यावर आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅबने त्याचे हक्क घेतले व ते विनामूल्य दिले. २०२३ मध्ये पुन्हा त्याच्या जागी केकवॉक सोनार येणार असल्याचे जाहीर झाले. सॉफ्टवेअर तग धरून राहिले, परंतु दर वेळी आपले जुने प्रकल्प उघडतील काय या चिंतेत वापरकर्त्यांना राहावे लागले.

यावरचा उपाय सॉफ्टवेअरच्या निवडीपेक्षाही सवयीचा आहे. प्रत्येक गीत पूर्ण झाल्यावर प्रत्येक ट्रॅक आरंभापासून शेवटपर्यंत सलग अशा वेव्ह किंवा फ्लॅक फाइलमध्ये स्वतंत्रपणे काढून ठेवावा. सर्व ट्रॅक एकाच क्षणी सुरू होत असल्याने ते भविष्यातील कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक मांडले की भजन पुन्हा उभे राहते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन-तीन कळांत होत नाही, ते कितीही सुंदर असले तरी टाळावे. फ्लॅक फाइल वेव्हपेक्षा लहान असून तिच्यात ध्वनीचा कोणताही अंश गमावला जात नाही. एमपी३ मध्ये मात्र तो गमावला जातो, आणि खंजिरीच्या बाबतीत हे लगेच ऐकू येते. कमी बिटदर ठेवल्यास आघाताच्या किंचित आधी पुसट खरखर उमटते व चकत्यांचा नाद पाणी सळसळल्यासारखा होतो. एमपी३ वाटण्यापुरते ठीक आहे, साठवण्यासाठी नव्हे.

वेव्ह फाइलचीही एक मर्यादा आहे. तिच्या रचनेमुळे आकार ४ गिगाबाइटच्या पुढे जाऊ शकत नाही. ४८,००० नमुनादर, २४ बिट व दोन वाहिन्या अशा मुद्रणात ही मर्यादा सुमारे ४ तास ८ मिनिटांनी गाठली जाते. एरवी हा प्रश्न कोणाला पडत नाही, पण रात्रभराच्या भजन-जागरात तो पहाटेच्या आधीच उभा राहतो. काही सॉफ्टवेअर पुढील भाग आपोआप नव्या फाइलमध्ये घेतात. खात्री नसल्यास दर तासाला गजर-आरतीच्या मध्यंतरात मुद्रण थांबवून नवे सुरू करावे.

फाइलींना व फोल्डरना रोमन अक्षरांत नावे देणे अजूनही सुरक्षित मानले जाते. देवनागरी नावे आधुनिक संगणक हाताळतात, परंतु काही जुने प्लगिन अशी फाइल सापडत नसल्याचे सांगतात. गायक, गाव, तिथी ही माहिती फाइलच्या अंतर्गत नोंदीत देवनागरीत लिहिता येते.

वीज, उष्णता व खोली

अकोला व अमरावती येथे मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या वर जाणे नवे नाही. या उष्णतेत लॅपटॉपचा प्रक्रियक स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो व मुद्रणात तुटकपणा येतो. पंखा आणि कूलर बंद केल्याशिवाय मुद्रण होत नाही, व बंद केल्यावर गायकाला बसवत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे, अन्यथा हिवाळ्यात मुद्रण करणे सोयीचे ठरते.

अकोला जिल्ह्यातच पारस येथे औष्णिक वीजकेंद्र असूनही खेड्यांतील वीजपुरवठा खंडित होण्याचा अनुभव जुनाच आहे. लॅपटॉपची बॅटरी हा त्यावर सर्वांत स्वस्त उपाय होय. बॅटरीवर मुद्रण केल्यास सदोष अर्थिंगमुळे येणारी ५० हर्ट्‌झची गुणगुणही बहुधा नाहीशी होते. मेज-संगणक असेल तर यूपीएस आवश्यक आहे. सॉफ्टवेअर मुद्रण चालू असतानाच ते डिस्कवर लिहीत जाते की स्मृतीत साठवून शेवटी लिहिते, हे पाहण्यासाठी एक निरुपयोगी मुद्रण सुरू करून संगणकाची वीज मुद्दाम तोडून पाहावी. ऑडॅसिटी पुन्हा उघडल्यावर अपुरा राहिलेला प्रकल्प परत मिळवण्याचा पर्याय देते. रीपरमध्ये तोवरची वेव्ह फाइल डिस्कवर सापडते.

सिमेंटच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. हा घुमार सॉफ्टवेअरने काढणे कठीण असते. कापसाच्या या प्रदेशात त्यावरचा उपाय घरातच असतो. कापसाच्या जाड गाद्या भिंतीला उभ्या टेकवल्यास मध्यम व वरच्या वारंवारतेचा घुमार लक्षणीय कमी होतो. १० सेंटिमीटर जाडीची गादी साधारण ८०० हर्ट्‌झच्या वर प्रभावी असते. ढोलकीचा खालचा घुमार तिने थांबत नाही. त्यासाठी गादी भिंतीपासून वीतभर पुढे सरकवावी.

जुन्या कॅसेटचे अंकीकरण

अनेक घरांत भजन-कीर्तनाच्या कॅसेट अजून पडून आहेत. उष्णता व दमट पावसाळा या दोन्हींनी फीत खराब होते. टेपरेकॉर्डरच्या हेडफोन-छिद्रातून तार काढून संगणकाच्या इनपुटला जोडली की ऑडॅसिटीत मुद्रण सुरू करता येते. कॅसेट मूळ गतीनेच वाजवावी लागत असल्याने ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटेच लागतात. त्याआधी टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसावे. पहिली, कोणताही संस्कार न केलेली प्रत तशीच ठेवावी आणि फितीची सरसर काढण्याचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. सरसर काढण्याच्या भरात टाळांचा नादही पुसला जातो व गायकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. आज उपलब्ध असलेल्या सोयींपेक्षा चांगल्या सोयी पुढे येतील, पण त्यांना मूळ प्रतच लागेल.

प्रकाशन व हक्क

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार साहित्य व संगीतरचनांवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे तुकडोजी महाराजांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या रचनांवरील हक्काची मुदत २०२८ च्या अखेरीस संपते. ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र हक्क असून तो प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. कलावंताचाही आपल्या सादरीकरणावर हक्क असतो. मंडळाचे मुद्रण संकेतस्थळावर टाकण्यापूर्वी गायक-वादकांची लेखी संमती घेऊन ती त्याच फोल्डरमध्ये छायाप्रतीच्या रूपात ठेवतात.